जोत्यापासून सत्तावीस मीटर

कुठल्याही भिंतीला किती ब्लॉक लागतील आणि किती सिमेंट, हे मला ताप चढलेला असतानाही सांगता येतं. एकदा सांगितलंही होतं, बायको घाबरली. पुण्याच्या कॉलेजात चार वर्षं घालवून मी हे शिकलो आणि पालघरच्या आमच्या कचेरीत कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. खेड्यांतले लोक मला ओवरशेर म्हणत. पहिलं वर्षभर मी त्यांची चूक दुरुस्त करत असे. मग लक्षात आलं, की कनिष्ठ अभियंत्याला जे जमत नाही ते ओवरशेरलाही जमत नाही, तेव्हा म्हणू दे.

सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात मला तारापूरच्या पलीकडच्या एका मच्छीमार वाडीवर पाठवलं. वाडीचं नाव लिहीत नाही, आता पत्ता शोधत कोणी जायचं कारण उरलेलं नाही. समोर समुद्र, मध्ये वाळू, मग एकतीस घरं, त्यांच्यामागे सुरूच्या झाडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यामागे खाजण, खाऱ्या पाण्याची दलदल. लांब दक्षिणेला अणुशक्ती केंद्राच्या इमारती दिसत. समुद्र दर पावसाळ्यात वाळू खात होता आणि घरांकडे सरकत होता. वाडीने अर्ज केला होता. सरकारी भाषेत त्यांना ‘धूपप्रतिबंधक बंधारा’ हवा होता. ते स्वतः भिंत म्हणत.

मोजणीला एक पक्की खूण लागते. सगळी मापं तिच्यापासून घ्यायची, म्हणजे दोन वर्षांनी कोणीही येऊन टेप लावला तरी तोच हिशोब लागतो. खूण न हलणाऱ्या वस्तूवर करावी, असा नियम आहे. मी वाडीभर हिंडलो. घरं कारवीच्या कुडाची, छपरं झावळ्यांची. देऊळ म्हणजे चार खांब आणि वर पत्रा. होड्या तर हलण्यासाठीच असतात. अख्ख्या वाडीत दगडी जोतं एकाच घराला होतं. तेही पहिल्या रांगेत, समुद्राकडे तोंड करून.

ते जमनाबाईचं. पन्नाशीची विधवा. नवऱ्याने हयातीत एकच खर्चीक गोष्ट केली होती, ती म्हणजे हे जोतं. मुलगा बोईसरला औद्योगिक वसाहतीत कामाला लागून तिकडेच चाळीत राहत होता. ही इथे अंगणात बोंबील, मांदेली सुकवी आणि बोईसरच्या बाजारात नेऊन विकी.

मी जोत्याच्या कोपऱ्यावर लाल रंगाने त्रिकोण काढला. ती दारात येऊन उभी राहिली.

“काय काढताय, सायब?”

“खूण. इथून सगळं मोजायचं.”

“पावसात जाईल ना ती?”

“ऑइल पेंट आहे. नाही जायची.”

“मंग बरं. चुना असता तर आमीच लावला असता.”

खुणेपासून भरतीच्या रेषेपर्यंत टेप धरला. सत्तावीस मीटर. मग तिच्याच पडवीत बसून गणित मांडलं. बंधारा एकशेवीस मीटर लांब. ब्लॉक साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद, तीस उंच, भरीव. दोन ओळी, सहा थर. म्हणजे मीटरला वीस ब्लॉक, एकूण चोवीसशे. वर फुटीचे पाच टक्के, एकशेवीस. दोन हजार पाचशे वीस. सिमेंट सातशे त्रेपन्न गोण्या.

वाडीचा पुढारी एकनाथ तांडेल मागून डोकावत होता. “ते वरचे एकशेवीस कशाला?”

“ट्रकमधून येताना फुटतात. आधीच धरायचे असतात.”

“फुटायचे ते बी आधी मोजून ठेवता?” एकनाथ हसला. “लईच शिकलेत सायब.”

“हसतो काय रं?” जमनाबाई म्हणाली. “आपून मासळी सुकत टाकतो तवा कावळ्याचं धरत नाय? तसंच ते.”

बत्तीस जणांच्या वर्गात प्राध्यापकांनी अर्धा तास घेऊन जे शिकवलं होतं, ते तिने अंबाडीची सुतळी वळता वळता सांगितलं. मला ती आवडली. त्या आवडण्याच्या भरात उठताना मी जे बोललो ते आजही मला शब्दाला शब्द आठवतं. “बाई, ही खूण सांभाळा. काहीही झालं तरी हलता कामा नये.”

“नाय हलवत,” ती म्हणाली.

त्या वाडीची एक रीत होती ती मला तेव्हा ठाऊक नव्हती. कोणी सांगितली नाही, कारण मी विचारली नाही, आणि विचारण्यासाठी छापील तक्त्यात रकाना नव्हता. समुद्र जवळ आला की हे लोक घर मागं घेत. वैशाखात, होड्या वर ओढून झाल्या की, सगळी वाडी मिळून खांब उपटायची, कूड सोडवायची, छप्पर उतरवायची आणि सुरूच्या बाजूला वीस-पंचवीस पावलं मागे जाऊन घर पुन्हा उभं करायची. दोन दिवसांचं काम. ज्याचं घर त्याने वाडीला जेवण घालायचं. आजोबाचं घर जिथे होतं तिथे आज कंबरभर पाणी आहे, हे ते आपण जुन्या शाळेबद्दल सांगतो तसं सहज सांगत. शेकडो वर्षं हा हिशोब एकाही ब्लॉकशिवाय चालला होता.

अंदाजपत्रक मी आमचे उपअभियंता दिनानाथसाहेब यांच्याकडे दिलं. सहा महिन्यांनी ते एका शेऱ्यासह परत आलं. शेरा असा, की बंधाऱ्यात होड्या वर घेण्यासाठी तीन-तीन मीटरच्या दोन वाटा दाखवल्या आहेत. त्या जागी ब्लॉक लागणार नाहीत. ते वजा का केले नाहीत?

शेरा बरोबर होता. दिनानाथसाहेबांचे शेरे नेहमी बरोबर असत. सहा मीटरला वीसप्रमाणे एकशेवीस वजा. फुटीचे सहा कमी. दोन हजार तीनशे चौऱ्याण्णव. सिमेंट सातशे एकोणीस. पुन्हा जाऊन वाटांची जागा मोजून आलो. आकडा शुद्ध झाला. तोपर्यंत पावसाळा झाला होता, आणि त्रिकोणापासून पाणी एकवीस मीटरवर होतं.

पुढच्या वर्षी सिमेंटच्या परमिटाची पाळी आली. त्या काळात सिमेंट परमिटावर मिळे. माणसं मुलीच्या लग्नाच्या आधी संडासाच्या दोन गोण्यांसाठी अर्ज करून ठेवत. आम्हाला सातशे एकोणीसपैकी तीनशे मंजूर झाल्या. उरलेल्या ‘उपलब्धतेनुसार’.

त्या मे महिन्यात वाडीवर गेलो तेव्हा सोळा मीटर उरले होते. पहिल्या रांगेतली घरं उतरवणं चाललं होतं. पुरुष खांब उपटत होते, बाया कुडाच्या भिंती गुंडाळून डोक्यावर नेत होत्या. भाताचा मोठा टोप चढला होता. मी रीत पहिल्यांदा पाहिली ती तेव्हा. जमनाबाईचं घर तेवढं जागच्या जागी होतं; ते न्यायचं तर जोत्याचे दगडही उकलून न्यावे लागणार होते.

एकनाथ तिच्या अंगणात उभा राहून आवाज चढवत होता. “वैनी, आज माणसं हायत तवर खांब काढू या. नंतर एकेकाला हाका मारत बसशील.”

“खूण माझ्या जोत्यावर हाय, तुज्या नाय.”

“मंग ती घे उचलून!”

“हलवायची नाय म्हणून सांगितलंय. हे बघ, आले. विचार त्यांना.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या पडवीत टेकलो. हंसा, तिची सून, दोन दिवसांसाठी आली होती. तिने पाणी आणून दिलं. तेवढा वेळ मिळाला.

“सायब,” जमनाबाई म्हणाली, “सरळ सांगा. मी घर मागं घेतलं तर काय होईल?”

मी सरळ सांगितलं. हा माझा दोष की गुण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खूण हलली तर मापं रद्द, मापं रद्द तर अंदाजपत्रक रद्द, मग नवी मोजणी, नवी फाईल, परमिटाचा अर्जही नवा. दोन वर्षं जातील, कदाचित तीन.

“आन नाय हलवलं तर?”

“यंदा होईल,” मी म्हणालो.

ती म्हणाली, “तीस घरं हायत माज्या मागं. माज्या एकटीपायी सगळ्यांचं कागद परत पहिल्यापासून? जा एकनाथ, तुजं घर घे मागं. भात लवकर वाढा म्हणावं, सायब जेवून जातील.”

मी जेवलो. सुक्या जवळ्याची चटणी होती. फार चांगली झाली होती.

पालघरला परतल्यावर मी दिनानाथसाहेबांकडे गेलो. ते वाईट गृहस्थ नव्हते. टेबलावर गणपती, खिशात दोन पेनं, निवृत्तीला सहा वर्षं. मी म्हणालो, “साहेब, खूण दुसरीकडे घेता येईल का? बाईचं घर धोक्यात आहे.”

“धोक्यात आहे म्हणूनच बंधारा आहे ना?”

“हो, पण बंधारा होईपर्यंत...”

“तुम्ही खूण कायमस्वरूपी वस्तूवर घेतली असं लिहिलंय. सही तुमची.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “आता ती वस्तू कायमस्वरूपी नाही असं लिहून द्या. मी वर पाठवतो. पहिल्या वेळी चुकीचं का लिहिलं, हे ते तुम्हाला विचारतील. विचारू दे?”

मी म्हणालो, बघतो. आमच्या खात्यात ‘बघतो’ म्हणजे खुर्ची मागे सरकवून उठायचं. मी उठलो.

ऐंशी साल तीनशे गोण्यांत काय बसतं हे ठरवण्यात गेलं. बंधारा निम्म्या उंचीचा केला तर पाणी वरून येईल, निम्म्या लांबीचा केला तर बाजूने. शेवटी ठरलं, की आहे त्या सिमेंटात ब्लॉक पाडून घ्यावेत. उरलेलं सिमेंट आलं की उरलेले पाडावेत. सगळे जमले की बांधकाम सुरू करावं. बोईसरला एक कंत्राटदार ब्लॉक पाडत असे. तेव्हा बोईसरला सगळेच ब्लॉक पाडत होते, रोज एक कारखाना उभा राहत होता. दोनशे अडतीस गोण्यांत आमचे एक हजार ब्लॉक झाले. बासष्ट गोण्या जोडकामासाठी शिल्लक.

एक्याऐंशीच्या फेब्रुवारीत ट्रक वाडीवर आले. बिहारकडचे मजूर होते, एकेक ब्लॉक खांद्यावरून उतरवत होते. “रखना किधर है, साहब?” मुकादमाने विचारलं.

मी इकडेतिकडे पाहिलं. तोवर बहुतेक घरं मागे सरकली होती. सुरूची पट्टी भरत आली होती. झाडांजवळ उंचवट्यावर एकच मोकळा तुकडा होता, घराएवढा. पाणी तिथे कधी आलं नव्हतं. मालाला उत्तम. मी बोट दाखवलं. त्यांनी तिथे हजार ब्लॉक रचले, दहा-दहाचे थर करून, मोजायला सोपे.

एकनाथ माझ्याजवळ आला. हसत नव्हता. “सायब, ती जागा वैनीची ठेवलेली. मागं घ्यायला.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी विचारलं कवा?”

ब्लॉक हलवायचे तर पुन्हा मजूर, पुन्हा उतरवण्याचा दाखला. बंधारा झाला की जागा आपोआप मोकळी होईल, असं मी म्हणालो. हे खरंच होतं.

सिमेंटाच्या बासष्ट गोण्यांना कोरडी, उंच जागा हवी होती. दगडी जोतं असलेलं घर एकच. जमनाबाईने सुक्या मासळीचे हारे बाहेर काढले, आतल्या खोलीत फळ्या टाकल्या आणि गोण्या लावून घेतल्या. स्वतः पडवीत निजायला लागली. त्रिकोणापासून पाणी नऊ मीटरवर होतं.

“ते हजार तर लावा,” ती म्हणाली. “मीटरला वीस म्हणालेलात. पन्नास मीटर होतील.”

तिने भागाकार तोंडी केला होता. मी साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, तुटक भिंत बांधली तर पाणी टोकाकडून वळसा घालून मागे शिरेल आणि वाडी वाहून गेली तर बंधाऱ्यामुळे गेली असं होईल. हेही बरोबर होतं. त्या सबंध प्रकरणात मला एकही चुकीचं वाक्य ऐकल्याचं आठवत नाही.

मार्च, एप्रिल, मे. दर आठवड्याला मी उरलेल्या चारशे एकोणीस गोण्यांबद्दल पत्र लिहिलं. दर पंधरवड्याला जमनाबाई बाजाराच्या दिवशी बोईसरहून पालघरला यायची, कचेरीच्या दारात पाटी उतरवायची आणि आत न येता विचारायची, “आलं?” मी नाही म्हणून मान हलवायचो. “ब्लॉक बरोबर हायत,” ती सांगायची. “रोज मोजते.” मग जायची. शेवटी शेवटी ती मला सायबऐवजी भाऊ म्हणायला लागली होती. माझ्या पदाबद्दलचा तिचा अंदाजही तोवर शुद्ध झाला असावा.

मेच्या अखेरीला एकनाथने पुन्हा माणसं जमवली होती म्हणे. तिच्या घराचे खांब काढायला. पण ठेवायचे कुठे? जागेवर ब्लॉक होते. घरात सिमेंट होतं. आणि कोपऱ्यावर त्रिकोण होता. माणसं अर्धा तास उभी राहिली आणि गेली.

ऑगस्टच्या अवसेला उधाणाची भरती आली. दुपारची, भर उजेडात. वाडी मागच्या बाजूला उभी राहून बघत होती. पाण्याने वरून काही केलं नाही. जोत्याखालची वाळू तेवढी ओढून नेली, दोन-तीन लाटांत. आधी त्रिकोणाचा कोपरा खचला, मग पडवी, मग खांब एकेक करून कलले. आत तीन टन सिमेंटाचं वजन होतं. मोकळं घर असतं तर कदाचित त्या भरतीत तगलं असतं, असं एकनाथ नंतर म्हणाला. मी ते गणित केलेलं नाही. करता येतं.

पाणी ओसरल्यावर वाळूत बासष्ट गोण्या पसरलेल्या सापडल्या. चार दिवसांनी मी पंचनाम्याला गेलो तेव्हा त्या दगड झाल्या होत्या. गोणपाट सोलून निघालं होतं आणि आत उशीच्या आकाराचा राखाडी धोंडा. घर नव्हतं. उंचवट्यावरचे ब्लॉक कोरडे होते. मी मोजले. एक हजार.

पंचनाम्यावर दिनानाथसाहेबांचा शेरा आला: ‘संदर्भखूण नष्ट झाल्याने प्रस्तुत अंदाजपत्रक रद्द समजावे. नव्याने मोजणी करावी.’

सप्टेंबरात एका दुपारी जमनाबाई कचेरीत आली. पहिल्यांदाच आत आली. डोक्यावर नेहमीची पाटी, वर फडकं. शिपाई नाकाला रुमाल लावून मागोमाग येत होता, “बाई, मासळी बाहेर, मासळी बाहेर.” तिने पाटी माझ्या टेबलाशी उतरवली, फडकं काढलं आणि नारळाएवढा दगड दोन्ही हातांनी उचलून फायलींच्या बाजूला ठेवला. त्याच्या एका अंगावर लाल त्रिकोण होता. रंग जरासुद्धा गेला नव्हता.

“तुमची खूण, भाऊ. ओहोटीला सापडली. मी नाय हलवली.”

मी बसा म्हणालो. ती खुर्चीवर कडेला टेकली.

“कुठे असता आता?”

“पोराकडं. बोईसरला, चाळीत. हंसा चांगली हाय. पण खोली एकच, आन मासळी सुकवायला गच्चीवर गेलं तर लोक भांडतात. वास येतो म्हणं.” ती थोडी हसली. “वास येणारच की.”

“वाडीवर जागा...”

“कुटं? जागेवर तुमचे ब्लॉक हायत. सरकारी माल. हात लावायचा नाय.” मग तिने जरा पुढे वाकून विचारलं, “भाऊ, एक इचारू? माजं घर होतं ना, तेवढंच. ते ब्लॉकचं बांधलं असतं तर किती लागले असते?”

मी कागद ओढला. तिच्या घराची मापं मला पाठ होती. लांबी सहा, रुंदी साडेचार. परिमिती एकवीस मीटर. उंची पावणेतीनला थोडी कमी धरली. एक दार, दोन खिडक्या. हात आपोआप चालत होता. तीन मिनिटं लागली असतील. चार वर्षांत त्या वाडीसाठी मी केलेलं ते सर्वांत जलद काम.

“तीनशे आठ,” मी म्हणालो. “सिमेंट बारा गोण्या.”

“तीनशे आठ.” तिने आकडा तोंडातल्या तोंडात एकदा घोळवला. “दाराखिडकीचे वजा केलेत?”

“केले.”

“आन फुटायचे?”

“धरलेत. पंधरा.”

“एक बी नाय फुटला हो. हजार म्हंजे हजार. बासष्ट गोण्या तर माज्या घरातच होत्या.” ती माझ्याकडे बघत होती, तक्रार करताना माणूस बघतो तसं नव्हे, बाजारात वजन बरोबर आहे ना हे बघतात तसं.

मी तो कागद तिच्यापुढे सरकवला. का, ते मला सांगता येणार नाही. तिने तो उचलला, उलटसुलट पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण आकड्यांखालची रेघ तिला कळली असावी; तिथे तिने बोट ठेवलं.

“ह्याच्यावर सही कोणाची लागते?”

“साहेबांची.”

“मंग राहू दे.”

तिने कागद परत टेबलावर ठेवला. पंख्याने तो उडायला लागला, तसा तिने दगड उचलून त्याच्यावर नीट मधोमध ठेवला, रिकामी पाटी काखेत घेतली आणि चारची बोईसर एसटी गाठायला निघून गेली.